उसना तास

घरून निघते तेव्हा सात वाजलेले असतात,
कामावर पोचते तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं.
मधे एक पूल, पुलाखाली चिंचोळं पाणी,
अलीकडे फिनलंड, पलीकडे स्वीडन.
बर्फावर उमटलेल्या सशाच्या पावलांना
हे कुणी कळवलेलं नाही.

तोर्निओत भाडं परवडतं, हापारांडात पगार बरा.
याहून मोठं कारण आमच्यात कुणी सांगत नाही.

हिवाळ्यात मी घसरखुर्ची रेटत जाते,
लाकडी, खाली पोलादाच्या दोन लांब पट्ट्या,
एक पाय पट्टीवर, दुसरा जमिनीला लाथा मारत.
खुर्चीवर डबा, गणवेश, राईची भाकरी.
डाव्या खिशात युरो, उजव्यात क्रोना.
मनगटावर घड्याळ मात्र एकच
आणि त्याचे काटे मी कधी मागे फिरवत नाही.

पहिल्या वर्षी वाटायचं, रोज एक तास फुकट!
काय काय करणार होते मी त्याचं.
अकॉर्डियन शिकणार होते,
यालमारीला सविस्तर पत्रं लिहिणार होते
(तो तेव्हा बोटीवर होता; आता कुठे असतो, माहीत नाही).
मग कळलं, परतताना पुलावर
तो तास मोजून द्यावा लागतो.
मुद्दल तेवढंच,
व्याज गुडघ्यांतून वसूल.

वृद्धाश्रमात सहा नंबरच्या खोलीत आल्गोत वारा.
लहानपणी शाळेच्या अंगणात फिनिश बोलला
म्हणून मास्तरणीने छड्या मारल्या होत्या.
म्हातारपणी स्वीडिश सगळं गळून गेलं,
उरली ती छड्या खाल्लेली भाषा.
अख्ख्या मजल्यावर ती फक्त मला कळायची.
कधी मला आई म्हणायचा, कधी पोस्टमन.

त्याची बहीण हिल्या पलीकडे, तोर्निओत.
बावन्न वर्षांपूर्वी पूल ओलांडून लग्न केलेली.
रोज नऊच्या ठोक्याला तिचा फोन,
आणि रोज आल्गोत घड्याळ बघून कुरकुरायचा,
"आठच वाजलेत. कसली घाई असते तुला?"
सगळं विसरला, हे नाही विसरला.

फेब्रुवारीत, माझ्या रात्रपाळीला, त्याची घटका भरली.
पण कोणती घटका?
भिंतीवर अकरा पंचवीस, रविवार.
त्याचा हात ज्या हातात होता
त्या माझ्या मनगटावर
सोमवार लागून पंचवीस मिनिटं झाली होती.
कागदावर मी रविवार लिहिला.
कागद स्वीडनचा होता.

हिल्याने मात्र कॅलेंडरवर
सोमवारच्या चौकटीत फुली मारली.
अंत्यविधीच्या कार्डावरची तारीख तिला चालेना.
पाद्र्याने समजावलं, भाच्याने समजावलं,
ती म्हणाली, "रात्री बाराला मी घड्याळाला किल्ली देते.
त्या दिवशीही दिली. बाराचे ठोके पडले तेव्हा
तो जिवंत होता की नव्हता?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"होता," मी म्हणाले. "पाणी मागितलं त्याने."

हे खरं आहे. पाणीच मागितलं,
आणि दोन घोट घेऊन म्हणाला, गार आहे.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात.
आमच्या पुलावर तो केव्हाचा सोकावलाय,
जाताना तास टाकतो पुढ्यात, येताना ओढून घेतो,
दोन घरांतून दोनदा जेवणाऱ्या मांजरासारखा.
पण त्या रात्री पंचवीस मिनिटं
त्याच्या ताटातून निसटली असतील
तर मी कुठे तक्रार करणार नाही.

परवा हिल्याने बोलावून घेतलं.
धुरावलेले दोन मासे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
"तुझ्या मजल्यावरच्यांना दे," म्हणाली,
"पाण्याबद्दल."
नऊ वाजत आले होते. टेलिफोनकडे बघून
ती उगाच हात पुसत राहिली.

आज सकाळी खुर्चीवर डबा, गणवेश आणि ते मासे.
पुलावर कुणी अडवलं नाही.
पाऊण रस्ता धुराचा वास येत होता,
आणि माझ्या घड्याळात सात वाजून सहा मिनिटं.